रंगाचा जुना डबा ढवळण्याची शास्त्रोक्त पद्धत

गणपती आठवड्यावर आले की खिडकीच्या ग्रिलचा गंज घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी दिसू लागतो. वर्षभर तो तिथेच असतो, पण तेव्हा त्याला मखराची पार्श्वभूमी नसते. मग कोणीतरी म्हणतं, "नवा रंग कशाला आणायचा? मागचा अर्धा डबा माळ्यावर आहे की!" हे वाक्य उच्चारले गेल्या क्षणापासून प्रस्तुत मार्गदर्शिका त्या घराला लागू होते.

ती लिहिण्याचे कारण असे. कंपनी कुठली, शेड कुठली, ब्रश तीन इंची की चार इंची यावर आपण यथेच्छ खल करतो. डबा ढवळायला मात्र अर्धे मिनिट देतो, तेही हाताशी येईल त्या काडीने. ब्रश ग्रिलला टेकला की रंगकाम सुरू झाले, असा एक समज सर्वत्र आहे. तो समज आधी माळ्यावर ठेवावा आणि त्या जागेवरचा डबा खाली आणावा.

कलम 1 : ओळखपरेड

माळ्यावर डबे सहसा तीन-चार असतात आणि प्रत्येकाच्या अंगावरून ओघळ आल्यामुळे नेमके शेडचे नाव झाकलेले असते. डब्यावर गट्टू, म्हणजे रंगाच्या कंपनीच्या बोधचिन्हातला हातात ब्रश घेतलेला मुलगा दिसला, तर आदराने थांबावे. आर. के. लक्ष्मण यांनी तो 1954 साली काढला आणि कंपनीने त्याला निवृत्त करूनही आता बरीच वर्षे झाली. असा डबा संग्रहात शोभेल, ग्रिलवर शोभणार नाही. यात भावनेचा भाग थोडा, शिशाचा जास्त. घरगुती रंगांतले शिसे दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा केंद्र सरकारचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात किती शिसे आहे, हे कितीही ढवळले तरी कळत नाही. मुलांचे हात लागतील तिथे तो रंग नको. आणि ज्या ग्रिलला मुलांचे हात लागत नाहीत, असे ग्रिल अजून कोणत्याही घरात बसवलेले नाही.

त्यानंतर डबा ऑइलपेंटचा की इमल्शनचा, हे पाहावे. ग्रिलला ऑइलपेंट लागतो, भिंतीला इमल्शन. इमल्शनचा डबा उघडताच सडका वास आला, तर आत जंतूंनी संसार थाटला आहे असे समजावे. हा वास ढवळून जात नाही. ढवळल्यावर तो शेजाऱ्यांकडे जातो. तो डबा तिथेच बाद.

कलम 2 : झाकण

झाकण उघडण्यासाठी घरातला चांगला चमचा वापरण्याची परंपरा आहे. चमचा वाकतो, झाकण तसेच राहते आणि विषय रंगावरून माहेरच्या भांड्यांवर जातो. म्हणून चपट्या तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. एकाच जागी जोर न लावता झाकणाच्या कडेने थोडे थोडे उचकटत पूर्ण फेरी मारावी. झाकण एका बाजूने दुमडले, तर पुन्हा नीट बसत नाही, आत हवा जाते आणि पुढच्या गणपतीला या मार्गदर्शिकेची गरज दुप्पट होते.

कलम 3 : साय

आत प्रथम दिसते ती जाड, चिवट साय. ऑइलपेंट हवेतला प्राणवायू घेऊन वाळतो. डबा जितका रिकामा तितकी आत हवा जास्त आणि तितकी सायही जाड. म्हणजे आपण रंग वाचवून ठेवला असे समजत होतो, तेव्हा तो आतल्या आत स्वतःलाच एक हात देत होता.

ही साय ढवळून आत जिरवू नये. एकदा वाळलेला ऑइलपेंट टर्पेंटाइनमध्ये पुन्हा विरघळत नाही. त्याचे फक्त तुकडे होतात आणि ते सगळे ग्रिलच्या दर्शनी भागावरच येऊन बसतात. कडेने सुरी फिरवून साय अखंड उचलावी आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावी. त्याआधी वर्तमानपत्र खरोखर जुने आहे, याची घरातल्या ज्येष्ठांकडून खात्री करून घ्यावी.

कलम 4 : साका

सायीखाली पातळ, तेलकट, जरा फिकट निवळ असते. ती पाहून "अरे वा, रंग तर अगदी पातळ आहे, टर्पेंटाइनसुद्धा नको" असे उद्गार निघतात. या उद्गारानंतर रंगवलेले ग्रिल दोन दिवसांनीही चिकट राहते आणि गंज त्यातून पूर्वीच्याच उमेदीने दिसतो. कारण रंग अजून वर आलेलाच नाही. तो तळाशी साका होऊन बसला आहे.

याला इलाज नाही, कारण ही भौतिकशास्त्राची आज्ञा आहे. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असते, ते पाण्याच्या चौपटीहून जड. रेडऑक्साइड त्याहूनही जड. जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 साली असे कण द्रवात किती वेगाने खाली जातात याचे सूत्र मांडले. कण जितका मोठा आणि जड तितका तो लवकर तळाला, आणि द्रव जितका दाट तितका उशिरा. स्टोक्स यांच्या घरी माळा होता की नाही, हे या सूत्राच्या दृष्टीने गौण आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की गेल्या वेळी उरलेल्या रंगात "सुकू नये म्हणून" ज्यांनी वाटीभर टर्पेंटाइन ओतून ठेवले, त्यांनी द्रव पातळ करून साक्याची वाट आणखी मोकळी केली. थिनर किंवा टर्पेंटाइन कामाच्या वेळीच आणि बेताने घालावे. उरलेल्या रंगाला ते शिदोरी म्हणून देऊ नये.

कलम 5 : प्रत्यक्ष कृती

अ) वरची निवळ दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून घ्यावी. ती फेकू नये. रंगाला चिकटवून धरणारे तेल तिच्यातच असते.

आ) चपटी लाकडी पट्टी घ्यावी. गोल काठी रंगातून नुसती वाट काढत जाते, साक्याला उचलत नाही. मुलांची फूटपट्टी घेतल्यास पुढचे सेंटिमीटर कायमचे झाकले जातात, याची नोंद घ्यावी.

इ) तळ आणि तळाचा कोपरा खरवडत साका घोटावा. गुठळ्या डब्याच्या भिंतीवर दाबून मोडाव्यात. पट्टीला खाली घट्ट काही लागत असेल तोवर थांबू नये. साका दगडासारखा झाला असेल आणि पट्टी तुटत असेल, तर पट्टीने निकाल दिला आहे. नवा डबा आणावा.

ई) साका मऊ झाला की निवळ थोडी थोडी परत घालत घोटत राहावे. एकदम ओतल्यास साका खाली आणि निवळ वर, म्हणजे पुन्हा माळ्यावरचीच परिस्थिती.

उ) मग या डब्यातून त्या डब्यात आणि त्यातून पुन्हा यात, असे काही वेळा ओतावे. पट्टी वर उचलल्यावर धार एकसारखी पडली आणि तिच्यात पट्टे दिसले नाहीत, म्हणजे झाले. एकाच शेडचे दोन अर्धवट डबे असतील, तर तेही याच वेळी एकत्र करावेत. निरनिराळ्या बॅचच्या रंगांत थोडा फरक असतो, आणि तो नेमका हॉलच्या ग्रिलच्या मध्यावर प्रकट होतो.

ऊ) शेवटी जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून रंग गाळून घ्यावा. साडी जुनी आहे का, हे साडी जिची आहे तिलाच विचारावे. इतरांचे मत ग्राह्य धरू नये.

इमल्शनही असेच घोटावे, फक्त हात हळू ठेवावा. जोरात घुसळले, तर त्यात बुडबुडे भरतात आणि ते भिंतीवर फुटून बारीक भोके ठेवतात. इमल्शनमध्ये टर्पेंटाइन घालण्याचा सल्ला देणारा नातेवाईक उपस्थित असल्यास त्याला चहा आणायला पाठवावे.

कलम 6 : खबरदारी

ऑइलपेंट पुसलेल्या चिंध्यांचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नयेत. वाळताना ते तापतात आणि कधी कधी आपोआप पेट घेतात. ते पसरून बाहेर वाळवावेत. जवळ उदबत्ती, बिडी, गॅस काही नको. काम चालू असताना मधूनमधून डबा पुन्हा ढवळावा. स्टोक्स यांचे सूत्र जेवणाच्या सुट्टीतही चालू असते. काम संपल्यावर उरलेला रंग लहान डब्यात भरावा, म्हणजे आत हवा कमी राहील. झाकण लाकडाचा तुकडा ठेवून ठोकावे आणि वर शेड, खोली आणि तारीख लिहावी.

कलम 7 : जागा

हे सारे घरात बसून करू नये. टर्पेंटाइनच्या वासासाठी मोकळी हवा लागतेच, म्हणून जिन्याशेजारची गॅलरी उत्तम. तिथे बसण्याचा आणखी एक फायदा आहे. ग्रिल एकसारखे दिसले, तर श्रेय ब्रश धरणाऱ्याला जाते; पट्टे दिसले, तर दोष डबा आणणाऱ्याला. ढवळणाऱ्याचे नाव कोणत्याच रकान्यात येत नाही. त्यामुळे ढवळताना चार माणसांनी पाहिलेले बरे. त्यांतला एक जण थांबून विचारेलच, "काय, रंगकाम काढलंय वाटतं?" अशा वेळी संकोचाने "छे, अजून सुरुवात कुठे!" असे म्हणण्याची रीत आहे. ती मोडावी. पट्टी न थांबवता सांगावे, "काढलंय काय, अर्धं झालंय."