कोपऱ्यावरची गाडी

"वहिनी, ऐकलंत का? कोपऱ्यावरचे काका गाडी विकायला काढतायत म्हणे!"

"अगंबाई! चांगली तर धावतेय."

"धावतेय हो, पण एसी लावला की ओल्या पायपुसण्यासारखा वास येतो. काकू परवा लग्नाला निघाल्या, तर नाकाला पदर लावूनच बसल्या होत्या."

"तरीच ती अत्तरं! आरशाला एक टांगलंय, एसीच्या जाळीला दोन अडकवलीत. मला परवा स्टेशनपर्यंत सोडलं त्यांनी. मोगरा आणि कुबटपणा असा एकत्र नाकात गेला की काय सांगू, रात्रीपर्यंत डोकं धरून बसले होते."

"पण मुळात वास येतोच कुठून?"

"माझा भाचा गॅरेजवाला ना, तो सांगतो, डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. हवेतली वाफ त्या गार कॉइलवर धरते, तिचं पाणी होतं आणि नळीतून गाडीखाली ठिबकतं. आपण गाडी बंद करून घरात येतो, कॉइल मात्र ओलीच राहते. त्यावर धूळ बसली की बुरशी धरणारच. पावसाळ्यात तर विचारूच नका."

"म्हणजे खाली पाणी ठिबकणं चांगलंच की! ह्यांनी केवढा गोंधळ घातला होता, रेडिएटर फुटला म्हणून!"

"एसीच्या पाण्याला रंग नसतो, चिकटपणाही नसतो. उलट असल्या दमट हवेत एसी चालवूनही थेंब पडला नाही, तर नळी तुंबलीय का बघावं. मग ते पाणी आत पायापाशी उतरतं आणि कार्पेट कुजतं. हां, वास गोडसर असेल आणि काचेवर चिकट धुकं धरत असेल, तर मामला वेगळा. कूलंट गळत असणार, तिथे मेकॅनिकच हवा."

"काकांचा कुबटच आहे. एसीचा फिल्टर बदलला असेल ना त्यांनी?"

"कसला बदलतायत! बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, डोळ्यांसमोर नसला की कोण बघतंय? भाच्यानं आमचा ओढून काढला तेव्हा आधी कडुनिंबाच्या काड्या पडल्या, मग उंदरानं जमवलेला कापसाचा बोळा. पांढरा फिल्टर काळा ठिक्कर! आणि काकांची गाडी तर बारा महिने झाडाखाली."

"शी! आणि त्यातूनच येणारी हवा खायची?"

"फिल्टर काही शंभरांत येतो हो. वर्षाला बदलावा, धुळीत फिरणं असेल तर त्याआधीच. कॉइलवर मारायचा फेसाचा फवारा मिळतो, तो मारून घ्यायचा. गॅरेजवाला आल्या आल्या डॅशबोर्ड खोलायची भाषा करू लागला, तर म्हणावं, आधी एवढं कर. आणि घर पाच मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद करायचं, पंखा चालू ठेवायचा, बाहेरची हवा आत घ्यायची. कॉइल वाळते."

"तेवढ्यात घाम फुटेल की!"

"फुटू दे. वासापेक्षा घाम परवडला."

"मग जाते बाई, आत्ताच सांगून येते काकूंना. बिचाऱ्या."

"अहो थांबा! किती मागतायत गाडीचे?"

"का हो?"

"नाही, आमचा धाकटा जुनी गाडी बघतोय. सांगू की काकूंना, पळून का चाललाय फिल्टर? आधी किंमत तर कळू दे!"