माळ काढलेले बुवा

माळ घातलेले बुवा गावोगाव असतात. माळ काढलेला बुवा तालुक्यात एखादाच. पोलादपूरला महामार्ग सोडून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाटाचा रस्ता फुटतो, त्या अंगाला पिठाची गिरणी चालवणारे आमचे बुवा या दुर्मीळ जातीतले. त्यांनी माळ सोडली, एकादशी सोडली, महाराज सोडले. पण लोकांनी ‘बुवा’ काही सोडलं नाही. ‘मला आता बुवा म्हणू नका,’ असं त्यांनी सांगून पाहिलं. लोक म्हणाले, ‘बरं बुवा.’

कोकणात कुणी माळ काढली की कारण शोधत बसत नाहीत. मासे! बुवांच्या बाबतीतही गावाने तोच निकाल दिला. खरी गोष्ट उलटी आहे. माळ निघाली त्या आठवड्यात घरात जवळ्याची चटणी झाली, पोरांनी ताट चाटून पुसून खाल्लं आणि बुवा दुसऱ्या घासाला परसात धावले. इतकी वर्षं वरणभातावर पोसलेलं पोट नव्या विचारांना दाद देईना. तेव्हापासून घरात देव मानणारी माणसं बोंबील खातात आणि न मानणारा मुगाची आमटी. बुवांच्या स्वातंत्र्याचा फायदा त्यांना सोडून सगळ्यांना झाला.

वारकऱ्याची माळ तशी माणसाळलेली असते. बुवांचा पंथ फार कडक. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्या मंडळींची दळणंही याच गिरणीत येतात. कांदा-लसूण बंद, परक्या घरचा चहा बंद, टीव्ही बंद. वाचायचा तो एकच ग्रंथ, बाकी छापील अक्षर म्हणजे मनाला फाटे. त्या काळात बुवांनी वर्तमानपत्राचा उपयोग फक्त डब्याखाली अंथरायला केला, आणि अंथरतानाही नजर आढ्याकडे ठेवली.

हे सगळं सुटलं त्याचं कारण मात्र विनोदी नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली, महाडच्या बाजारपेठेत सावित्री नदी शिरली. पाणी ओसरल्यावरच्या सत्संगात महाराज म्हणाले, ‘ज्याचं त्याचं कर्म.’ बुवांनी हात वर केला. पाळण्यातल्या पोराने कर्म केलं कधी? ‘मागच्या जन्मी.’ ‘मग तिथेच शिक्षा का नाही दिली? व्याज चढायची वाट बघायला देव काय सावकार आहे?’ सत्संगात हात वर करायची पद्धतच नव्हती. बुवा घरी आले, माळ खुंटीला अडकवली आणि गिरणी सुरू केली.

मग मन रिकामं झालं. पहाटे चारला जाग यायची सवय होती, पण जागं होऊन करायचं काय? अशा एका पहाटे त्यांच्या हाताला पतपेढीची जुनी डायरी लागली. दर पानाच्या तळाला एक सुविचार. बुवांनी जानेवारी ते डिसेंबर एका बैठकीत संपवलं. इतकी वर्षं कोंडलेला वाचक तो. त्याने पानावरचे रेल्वेचे दर आणि सुट्ट्यांची यादीही सोडली नाही. पुढे महाडला कॉलेजात जाणाऱ्या लेकीने फोनवर मराठी विश्वकोश काढून दिला. घाट चढून पलीकडे उतरलं की वाई. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभारलेलं ज्ञानाचं एवढं कोठार, आणि आपण या बाजूला एकाच पुस्तकाला रुमाल बांधून बसलो, याची बुवांना अजून चुटपुट आहे.

गिरणीबाहेर फळा आला तो असा. रोज एका तत्त्वज्ञाचा एक विचार, खाली नाव, गाव आणि शतक. पहिला मान एपिक्टेटसला. हा रोमन साम्राज्यातला गुलाम, पायाने अधू. त्याचं सांगणं असं, की काही गोष्टी आपल्या हातात असतात आणि काही नसतात; हा फरक कळला की निम्मं दुःख गेलं. बुवांनी हे फळ्यावर लिहून खडू खाली ठेवला आणि वीज गेली. तांदळाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या आजींना बुवांनी फळा दाखवला. आजी म्हणाल्या, ‘लाइट तुमच्या हातात नाय, कबूल. पन माजं दळान तुमच्याच हातात हाय ना? द्या हिकडं.’

दुसऱ्या आठवड्यात हेराक्लिटस आला. एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही, असा त्याचा सुप्रसिद्ध विचार. गावाने नुसतं वाचलं. पण महाडहून आलेला एक किराणावाला फळ्यापुढे बराच वेळ थांबला. त्याने २००५ चा पूर पाहिला होता आणि २०२१ चाही. तो म्हणाला, ‘आपल्याला नसेल उतरता येत. आमच्याकडे नदीच दुकानात दोनदा उतरली.’ बुवांनी ते प्रामाणिकपणे फळ्यावर लिहिलं. खाली टीप दिली: किराणा व्यापारी, महाड, एकविसावं शतक.

बुवांचा खरा जीव जडला तो स्पिनोझावर. ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ साली या तेवीस वर्षांच्या पोराला बहिष्कृत केलं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याचं लिखाण कुणी वाचायचं नाही, चार हातांच्या आत कुणी जायचं नाही. पुढे तो भिंगं घासून पोट भरू लागला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी छातीच्या विकाराने गेला. काचेच्या धुळीने तो विकार बळावला असावा, असं म्हणतात. पीठ नाकातोंडात जाऊन खोकणाऱ्या बुवांना हा माणूस चुलतभाऊच वाटला. त्यांचे जुने गुरुबंधूही चार हातांवरूनच डबा ठेवतात. वाळीत टाकायची त्यांची तयारी पुरेपूर होती. आसपास दुसरी गिरणी असती तर टाकलंही असतं.

धर्म सुटला तरी सोवळं सुटलं नाही. पूर्वी ग्रंथाला शिवताना हात धुवायचे; आता वचन फळ्यावर चढायच्या आधी ते मूळ कुठलं याची झडती होते. भाच्याने सकाळी गुलाबाच्या फुलावर बुद्धाचं वाक्य पाठवलं की बुवांचा उलट प्रश्न तयार: ‘कुठल्या सुत्तात?’ भाच्याने आता नुसतं गुलाब पाठवायला सुरुवात केली आहे. मतस्वातंत्र्यावरचं व्हॉल्तेअरच्या नावे खपणारं ते प्रसिद्ध वाक्य त्याचं नसून १९०६ साली त्याच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या इव्हलिन हॉल या बाईंचं आहे, हे कळलं त्या दिवशी बुवांनी फळा पाण्याने धुतला. नुसत्या फडक्याने भागलं असतं. पण तोच व्हॉल्तेअर १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर, एवढी निरपराध माणसं मेली ती कुठल्या न्यायाने, असं विचारत होता, हे लेकीने वाचून दाखवलं तेव्हा बुवांनी पट्टा थांबवला आणि ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

सप्ताहात तर बुवांची फारच पंचाईत होते. गावात पखवाज येणारा माणूस एकच, आणि तो नास्तिक. गाव हात जोडून बोलवायला येतं, बुवा नाही म्हणत म्हणत पखवाजाला कणीक लावायला बसतात. गेल्या सप्ताहात कीर्तनकारांनी नास्तिकांची अशी काही सालटी काढली की मंडप हसून लोळला. प्रत्येक टोल्यानंतर ठेका द्यायचं काम बुवांकडे होतं आणि त्यांनी ते चोख केलं. नंतर एवढंच म्हणाले, ‘विचार कच्चा होता, पण लय चांगली होती.’

एकदा फळ्यावर लोभावरचा एक ग्रीक विचार चढला. त्याच दळणवाल्या आजी वाचून म्हणाल्या, ‘ह्ये तर आमच्या तुकोबानं सांगितलंय. त्येला का वो वाळीत टाकलाव?’ बुवा चपापले. महाराजांबरोबर त्यांनी तुकोबाही खुंटीला अडकवले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तुकोबा आले: वाणी, देहू, सतरावं शतक. स्पिनोझाच्याच शतकातले, हे बुवा प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्रपणे सांगतात.

दरवर्षी २० मार्चला बुवा महाडला चवदार तळ्यावर जातात. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी तिथे ओंजळभर पाणी पिऊन शेकडो वर्षांचा निर्बंध मोडला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली. बुवा जातात ते पुस्तकांच्या स्टॉलसाठी. आ. ह. साळुंखे यांचं चार्वाकावरचं पुस्तक त्यांनी तिथेच घेतलं. चार्वाकांचे ग्रंथ उरले नाहीत, त्यांची मतं बहुतेक विरोधकांनी खोडायला म्हणून दिलेल्या उताऱ्यांतून कळतात, हे वाचल्यापासून वचनं जपण्याला बुवा राष्ट्रीय कार्य समजतात. तिथल्याच एका निवृत्त गुरुजींनी त्यांना बरोबर ओळखलं. गुरुजी म्हणाले, ‘आमच्या लोकांनी १९५६ नंतर धर्म सोडला तो वस्तीच्या वस्तीने. म्हणून आम्हाला विहार मिळाला, वंदना मिळाली, लग्नाची नवी रीत मिळाली. तुम्ही सोडलात एकट्याने. तुम्हाला मिळाला फळा.’

याहून नेमकं बुवांबद्दल कुणी बोललेलं नाही. देवावाचून त्यांचं फारसं अडलं नाही. अडलं ते माणसांवाचून. पहाटेची सोबत गेली, पंगत गेली, ‘रामकृष्ण हरी’ म्हणत हाक मारणारे गेले. मग त्यांनी स्वतःची दिंडी जमवली: पुढे लंगडा गुलाम, मागे मार्कस ऑरेलियस हा रोमचा बादशहा, मध्ये भिंगं घासणारा ज्यू आणि देहूचा वाणी. यात एकही जण दुसऱ्याला भेटलेला नाही आणि फराळाचा खर्च शून्य.

लोक विचारतात, वाक्यांनी काय होतं? मी एकच पुरावा देतो. गिरणीवाला घटीच्या नावाखाली मूठभर पीठ मारतो, हा गिऱ्हाइकाचा सनातन संशय. पूर्वी तो बुवांवरही होता आणि, ते स्वतःच सांगतात, अगदीच खोटा नव्हता. पंधरवड्याचं पाप एकादशीला धुऊन निघायचं. आता धुऊन द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी काटा दारात आणून ठेवला आहे: दळणाआधी वजन, दळणानंतर वजन, घट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे. जुने गुरुबंधूही आता दूरच्या गिरणीचं नाव काढत नाहीत. बुवांचं तत्त्वज्ञान त्यांना पटलेलं नाही, पीठ मात्र पटलं आहे.