गाडी दुसऱ्याची, नाव आपलं

"हॅमिल्टनने फेरारीत जायलाच नको होतं. चाळिशीत कोण नोकरी बदलतं?"

वहिनींनी भिंतीवर पायपुसणं झटकलं आणि निकाल लावून टाकला. वर्तकनगरात आमच्या दोन इमारतींच्या मधोमध ही कमरेएवढी भिंत आहे. म्हाडाचा पुनर्विकास, पाण्याची वेळ, कोणाच्या मुलीचं कुठे ठरलं, सगळं इथूनच इकडचं तिकडे होतं. फॉर्म्युला वन घरात आणलं वहिनींच्या मुलाने. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, शर्यती मात्र आईकडे ठेवून गेला.

"अहो, 2012 लाही लोक हेच म्हणत होते," मी म्हटलं. "मॅकलॅरेन सोडून मर्सिडीजला निघाला तेव्हा. मर्सिडीजने स्वतःचा संघ परत उभा केल्यापासून तोवर एकच शर्यत जिंकली होती. तिथे याने सहा विजेतेपदं घेतली. आणि तो गेल्यावर मॅकलॅरेनला एक शर्यत जिंकायला 2021 उजाडलं."

"ते जुनं झालं. 2025 चं बोला. अख्ख्या हंगामात रविवारी एकदा तरी पहिल्या तिघांत दिसला?"

नव्हता दिसला. शांघायची शनिवारची छोटी शर्यत जिंकला होता, ती मी पुढे केली. वहिनींनी ती धरली नाही.

"आणि तो अलोन्सो," त्यांना जोर चढला. "फेरारी सोडून 2015 ला मॅकलॅरेनला गेला आणि जपानमध्ये, होंडाच्याच दारात, होंडाच्या इंजिनाच्या नावाने रेडिओवर ओरडला."

एवढ्यात भाजीची पिशवी घेऊन अण्णा आले. जेकेग्रामच्या रेमंडमधून निवृत्त झालेले, गाव जुन्नरकडचं. पिशवी त्यांनी भिंतीवर ठेवली, म्हणजे आता अर्धा तास हलणार नाहीत.

"तुम्ही नुसती माणसांची नावं घेताय," ते म्हणाले. "पण पळतं कोण? आमच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात गाड्याला चार बैल आणि पुढे घोडी. गाड्यावर माणूसच नाही! बारी झाली की भोंग्यावरून नाव बैलाचं आणि मालकाचं. तुमच्याकडे आत एक माणूस बसवलाय, म्हणून हार त्याच्या गळ्यात."

"मग माणूस कोणीही चालेल?" वहिनी भडकल्या.

"कोणीही नाही. पण रसेलचं आठवा. 6 डिसेंबर 2020, बहारीनमधली साखीरची शर्यत. हॅमिल्टनला करोना झाला, म्हणून विल्यम्सच्या रसेलला त्याच्या गाडीत बसवलं. विल्यम्समध्ये दोन हंगामांत या पोराला एक गुण मिळाला नव्हता. इथे पहिल्याच वळणावर पुढे गेला! पिटमध्ये टायरांचा घोळ झाला, मग चाक पंक्चर, शेवटी नववा आला. नाहीतर जिंकलाच होता. पोरगा तोच, गाडी दुसरी."

बैलगाड्यावरून अण्णा साखीरला कसे पोचले, हे मला कळलं नाही. वहिनींना मात्र ती तारीख पुरली.

"त्याच दिवशी दुपारी तिथेच आपला मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला! फॉर्म्युला टूमध्ये जिंकणारा पहिला भारतीय. त्याच्याच कार्लिन संघातला युकी त्सुनोदा पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये. दोघंही रेड बुलच्या तालमीतले. याला का नाही घेतलं?"

"वहिनी, रागावू नका," मी म्हटलं, "पण त्या वर्षी त्सुनोदा तिसरा होता आणि जेहान बारावा. गाडी एकाच संघाची."

वहिनी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "पहिलं वर्ष होतं त्याचं."

"त्सुनोदाचंही."

हे फार लागलं असावं. मलाही वाईट वाटलं, कारण पुढची गोष्ट वहिनींच्या बाजूची आहे. जेहान पुढच्या वर्षी सातवा आला. 2022 ला प्रेमासारख्या नावाजलेल्या संघात गेला, तिथेही सातवा. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला मॅकलॅरेनची फॉर्म्युला वन गाडी चालवून पाहिली. 2023 ला तिसरा संघ. चार हंगामांत चार शर्यती जिंकल्या, मग फॉर्म्युला ईमध्ये मासेरातीकडे एक हंगाम, आणि ती जागाही गेली.

"पण त्सुनोदाचं तरी काय भलं झालं?" अण्णा म्हणाले. "2025 ला रेड बुलने लॉसनला दोन शर्यतींत उठवून मॅक्सच्या शेजारी याला बसवला. वर्ष संपलं तसा याचाही पत्ता कट."

"मग जावं की थांबावं, एकदाचं ठरवा," मी म्हटलं. "नॉरिस 2019 पासून मॅकलॅरेनमध्येच. गाडी रडत होती तेव्हाही हलला नाही. 2025 ला विजेता, मॅक्सपेक्षा दोन गुणांनी पुढे."

"थांबला नाही, त्याला थांबू दिलं," वहिनी म्हणाल्या. "गाडी सुधारेपर्यंत संघ त्याला पोसत होता. फॉर्म्युला टूमध्ये एका हंगामाच्या जागेला कोट्यवधी मोजायचे, आणि वर्ष संपलं की नवा संघ, नवा इंजिनिअर, पुन्हा श्रीगणेशा. आपल्या पोरांना थांबायला देतं कोण?"

यावर अण्णांनीही मान हलवली. "आमच्या रेमंडचे गौतमशेठ फेरारी चॅलेंजमध्ये स्वतः शर्यती खेळले. पण ती फेरारी घेणाऱ्यांची स्पर्धा. गाडी आपल्या पैशाची, उठवणार कोण? फॉर्म्युला वनमध्ये बावीस जागा, आणि बावीसही दुसऱ्याच्या मालकीच्या. नव्या कॅडिलॅकनेसुद्धा पेरेझ आणि बोटासलाच बोलावलं. दोघांच्या मिळून सोळा शर्यती जिंकलेल्या आहेत. बिनजिंकलेल्या माणसावर पैसे कोण लावतो?"

म्हणजे भांडण हुशारीवरून नव्हतंच. हुशारी दिसेपर्यंत कोणाला किती वर्षं मिळतात, यावरून होतं. आणि ते तिघांनाही मान्य होतं, त्यामुळे गप्पा संपायची भीती निर्माण झाली.

मीच काडी टाकली. "मॅक्स मर्सिडीजला जाणार का हो?"

"जाणार!" वहिनी.

"करार 2028 पर्यंत रेड बुलशी आहे," अण्णा.

"करार काय, आमच्या बिल्डरनेही केला होता."

"पण 2026 पासून इंजिनांचे नियम नवे. कोणाची गाडी पळेल हे कळल्याशिवाय तो कशाला हलेल?"

"कळल्यावरच हलेल ना! मीही तेच म्हणते."

शेवटी पैज लागली. मॅक्स 2027 ला मर्सिडीजमध्ये दिसला तर मामलेदारची मिसळ अण्णांकडून, नाही दिसला तर वहिनींकडून. साक्षीदार म्हणून मी दोन्ही निकालांत जेवणार आहे. त्यामुळे माझा संघ तूर्त तरी पक्का.