आत्तेभावाच्या मेहुण्याने पाहिलेलं भूत

भुताची गोष्ट सांगणाऱ्याने स्वतः भूत पाहिलेलं नसतं. पाहिलेलं असतं त्याच्या आत्तेभावाच्या मेहुण्याने. हा मेहुणा बहुधा एसटीत कंडक्टर असतो, तरी शेवटची एसटी नेमकी त्याचीच चुकते. रात्र अमावस्येची. मेहुणा 'तसा एकदम डेरिंगबाज'. भित्र्या माणसाला भूत दिसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तो बिचारा रात्री घराबाहेर पडतच नसावा.

राजमाचीला गेलो होतो, तेव्हा उधेवाडीतल्या एका अंगणात पिठलं-भाकरी झाली, शेकोटी पेटली आणि आमच्यातल्या सातारकराने पिंपळावरचा मुंजा काढला. मालवणचा मित्र तुच्छतेने म्हणाला, "मुंजा? अरे, मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेलं पोर ते. त्याला काय भ्यायचं?" मग खात्यांची चर्चा झाली. पिंपळ मुंज्याकडे, पाणवठा आसरांकडे, माणसाला रात्रभर एकाच शेतात फिरवण्याचं काम चकव्याकडे, उलट्या पायांची बाब हडळीकडे. महसूल खात्यातही कामाची इतकी चोख वाटणी नसेल.

या सगळ्यांचा राजा वेताळ. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे भक्त केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. हे ऐकून पुण्याच्या मित्राने विचारलं, "साइझ काय असेल?" मालवणकराने त्याच्याकडे असं पाहिलं, की वेगळ्या भुताची गरज उरली नाही.

मग मालवणकराने हुकमी गोष्ट काढली. त्याचे काका बाजारातून बांगडे घेऊन रात्री पाणंदीने येत होते. मागून आवाज आला, "माका एक बांगडो दी रे." मागे वळून बघायचं नाही, हा नियम. काकांनी न वळता एक बांगडा मागे टाकला. दहा पावलांवर पुन्हा तेच. घरी पोचले तेव्हा पिशवीत फक्त वास.

सातारकराने हळूच विचारलं, "काका घेतात का?"

"थोडी. पण भूत त्याच्या आधीपासूनचं आहे."

ही गोष्ट दिवसा, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सांगितली असती तर सगळे हसले असते. इथे कुणी हसलं नाही. नारायण धारप किंवा मतकरी वाचताना निदान पाठ गादीला टेकलेली असते. शेकोटी तोंड भाजते आणि पाठ उघडी ठेवते. शिवाय जाळाकडे टक लावून बसलेल्या डोळ्यांना अंधारात काहीच दिसत नाही. म्हणजे निम्मं काम लाकडांनीच केलेलं असतं. सांगणाऱ्याने फक्त योग्य जागी थांबायचं. एखादा ओंडका तडकला की उरलेलं निम्मंही होऊन जातं.

मेहुण्याचा शेवट ठरलेला असतो. तो पहाटे घरी येतो, तापाने फणफणतो, कुणाशी एक अक्षर बोलत नाही आणि तिसऱ्या दिवशी जातो. मग वाटेत काय घडलं हे तुला कसं कळलं, असं शेकोटीपाशी कुणी विचारत नाही. विचारलं तर पुढची गोष्ट मिळत नाही.

गोष्ट जमली की नाही, हे कळतं ती संपल्यावर. तासभर कुणीच उठत नाही. मग एकाला लागते, आणि तो उठला की सगळ्यांना लागते. त्या रात्री पहिल्यांदा सोबत मागितली ती चपलांचा साइझ विचारणाऱ्याने. "भूतबीत काही नाही रे," तो म्हणाला, "पण या रानात बिबट्या असू शकतो." बिबट्याला घाबरणं कसं, शास्त्रीय असतं. त्या रात्री आम्ही सगळेच कट्टर शास्त्रीय निघालो आणि टॉर्च लावून, एकमेकांचे शर्ट धरून, रांगेने गेलो.