सीनियरचा बाबा

न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास, ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी सकाळी कुणी मराठी गृहस्थ पोहे गार होऊ देऊन एक्सेलमध्ये डोकं घालून बसलेला दिसला, तर त्या घरात बारावी आहे असं खुशाल समजावं. इथे बारावीतल्या मुलाला सीनियर म्हणतात. मूल सीनियर होतं सप्टेंबरात, शाळा उघडली की. बाप मात्र १ ऑगस्टलाच होतो, कारण त्या दिवशी ‘कॉमन ॲप’ उघडतं. त्या एका अर्जावर जास्तीत जास्त २० कॉलेजं भरता येतात, आणि सीनियरच्या बाबाला ती कमी वाटतात. त्याच्या एक्सेलमध्ये तीन रकाने असतात: रीच, टार्गेट, सेफ्टी. रीचमध्ये आयव्ही लीगची आठच्या आठ, खाली एमआयटी आणि स्टॅनफर्ड. टार्गेटमध्ये यांच्याच मावसबहिणी. सेफ्टीत एकटी रटगर्स, तीही बायकोने भरायला लावली म्हणून.

या माणसाला हसण्याआधी त्याचं दुःख समजून घ्यायला हवं. तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात बारावी झाला. तेव्हा सीईटी नव्हती. बोर्डाच्या पीसीएमची बेरीज, तीनशेपैकी किती, आणि नोटीस बोर्डावर यादी. व्हीजेटीआय एका मार्काने हुकली हे तो आजही सांगतो, पण त्या मार्काबद्दल त्याच्या मनात राग नाही, आदर आहे. मार्क होता, दिसत होता, त्याच्याशी भांडता येत नव्हतं. इथे तो शाळेतल्या काउन्सिलर बाईंना विचारतो, “एसएटीला १६०० पैकी नक्की किती लागतात?” बाई गोड हसून सांगतात, की कॉलेजं आकडा पाहत नाहीत, संपूर्ण माणूस पाहतात. संपूर्ण माणूस! याला लग्नाच्या वेळीही कुणी संपूर्ण पाहिलं नव्हतं; पगार आणि व्हिसा विचारून मोकळे झाले होते.

पण गडी इंजिनिअर. संपूर्ण माणूस हवा तर तोही बनवून देऊ. अर्जात शाळेबाहेरचे दहा उद्योग लिहायचे असतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, रिकाम्या जागा धरून. बाबा मुलाचं आयुष्य उकरायला घेतो. गणपतीत झांजा वाजवल्या, हे झालं तालवाद्य. महाप्रसादाला जिलेब्या वाढल्या, ही समाजसेवा. रविवारची मराठी शाळा, जिथून पोरगा दर आठवड्याला लवकर पळायचा, तिला ‘वारसा भाषेचं जतन’ असं नाव मिळतं. मुलगा एवढंच म्हणतो, “बाबा, चिल.” बाबाला चिल जमत नाही.

खरी लढाई निबंधाची. मर्यादा ६५० शब्दांची. विषय काय असावा, याबद्दल बाबाच्या मनात शंकाच नसते: बाबा. दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी घेऊन जेएफकेला उतरलेला, एका बेसमेंटमध्ये चौघांबरोबर राहिलेला बाबा. मुलगा लिहितो दाराच्या बेलवरच्या कॅमेऱ्यात रोज तोंड खुपसणाऱ्या खारीवर. बाबा तो निबंध उभ्यानेच वाचतो आणि मग बसतो. “खारीवर? खारीवर हार्वर्ड?” स्वयंपाकघरातून आवाज येतो, “रामाच्या सेतूला खारच कामी आली होती.” या घरात शेवटचा शब्द कुणाचा असतो, ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

‘अर्ली डिसिजन’ची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर. एका कॉलेजला आधीच शब्द द्यायचा, त्यांनी घेतलं तर तिथेच जायचं, थोडक्यात, साखरपुडा. आणि नेमकं त्याच्या आगेमागे शाळेत होमकमिंग आणि ‘स्पिरिट वीक’ येतो. म्हणजे आठवडाभर रोज एक सोंग. एक दिवस पायजमे घालून शाळेत. एक दिवस मित्राशी जुळे कपडे. एक दिवस ‘दप्तर सोडून काहीही’: वह्या-पुस्तकं आणायची, पण दप्तरात नाही. कुणी शॉपिंग कार्ट ढकलत नेतं, कुणी लाँड्रीची बास्केट. आपले चिरंजीव घरातला पाच लिटरचा कुकर उचलतात. त्यात कॅल्क्युलसची वही, वर झाकण, झाकणावर शिट्टीसुद्धा. रात्री दीडपर्यंत अर्जाचे कॉमे तपासलेला बाबा सकाळी दारात उभा राहून हे प्रस्थान बघतो. तो ओरडेल असं वाटतं. पण त्याच्या डोळ्यांत वेगळाच हिशेब चाललेला असतो. कुकर १५० अक्षरांत बसेल का?

मला विचाराल तर वर्षभरात त्या पोराने केलेली संपूर्ण माणसासारखी गोष्ट तीच.

हिवाळा वाईट जातो. डिसेंबरात अर्लीचा निकाल येतो: ‘डिफर’, म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. पार्ट्यांना जायचं तर सगळे सीनियरचे बाबा एकमेकांना पनीर वाढत “आमचं काय, बघू” एवढंच बोलतात. मार्चअखेर संध्याकाळी सात वाजता आयव्हींचे निकाल एकदम लागतात, तेव्हा ठाण्यात पहाटेचे साडेचार. आजी देव पाण्यात ठेवून फोनशी बसलेली. पोर्टल उघडतं. कॉलेजने घेतलं असेल तर पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडतो. पडद्यावर पाऊस पडत नाही. मुलगा पाच मिनिटं गप्प बसतो, मग मित्रांबरोबर पिझ्झा खायला जातो. बाबा तीन दिवस गप्प बसतो.

त्यानंतर मुलाला सीनियरायटिस होतो, या वयातला सार्वत्रिक आजार. अभ्यास सुटतो, ठरवून सामूहिक दांडी होते, प्रॉमसाठी भाड्याचा टक्सीडो येतो. “शेवटचे मार्क पडले तर कॉलेज दिलेली ॲडमिशन काढून घेतं,” हे बाबा रोज सांगतो. ते खोटं नाही, पण ऐकतो कोण? १ मेच्या आत कुठल्या तरी एकाच कॉलेजला होकार कळवायचा असतो. तो जातो रटगर्सला.

आणि मग चमत्कार होतो. “१७६६ची संस्था आहे, देशापेक्षा दहा वर्षांनी मोठी,” असं बाबा लोकांना सांगू लागतो. राज्यातल्या मुलांना फी कमी, घर अर्ध्या तासावर, कॉम्प्युटर सायन्स उत्तम. पहिल्यापासून आमच्या मनात हेच होतं. गाडीच्या मागच्या काचेवर लाल स्टिकर लागतं. एक्सेल मात्र तो पुसत नाही. त्यात ‘टिप्स’ नावाचं नवं पान उघडतो.

तेव्हा, तुमचं मूल अकरावीत असेल तर सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला जरूर जा, पण महाप्रसादाच्या पंगतीत या माणसाच्या शेजारची खुर्ची टाळा. जिलेबी संपेल, तो संपणार नाही.