पॉप-थ्री महाशय, आमचा मेल सोडा

श्री. पॉप-थ्री यांस,
मुक्काम : आमच्या ऑफिसचा कॉम्प्युटर, बाजारपेठ, भिगवण, ता. इंदापूर

महाशय,

एका धंद्याचे दोन धंदे करून दाखवल्याबद्दल तुमचा जाहीर सत्कार करायला हवा. माझं कर सल्लागाराचं ऑफिस भिगवणात, राहायला बारामतीत. ऑफिसात एक कॉम्प्युटर, घरी एक लॅपटॉप, आणि मेलचा पत्ता दोन्हीकडे एकच. वेबसाइट घेतली तेव्हा तिच्याबरोबर मिळालेला. जोडून देणाऱ्या पोराने दोन्ही ठिकाणी मेल उतरवायला तुम्हाला बसवलं, ‘टेस्ट मेल आला बघा’ म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून भिगवणच्या ऑफिसला बारामतीचं कळत नाही आणि बारामतीला भिगवणचं.

तुमची कामाची पद्धत इथे लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही सर्व्हरवर जाता, नाव आणि पासवर्ड सांगता, किती पत्रं पडलीत ते मोजता. ‘रेटर’ म्हणून एकेक पत्र खाली उतरवता, ‘डेले’ म्हणून त्यावर खूण करता, आणि शेवटी ‘क्विट’ म्हणताच खूण केलेली सगळी पत्रं सर्व्हरवरून पुसली जातात. मागून येणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरला तुम्ही इमानदारीने सांगता, ‘नवीन काही नाही.’ भिगवणच्या मासळी बाजारात लिलावात ज्याची बोली टिकली तो चिलापीची अख्खी पाटी उचलून नेतो, तसं हे. फरक इतकाच की बाजारात पाटी कुणी नेली हे सगळ्यांना दिसतं.

आता तुमचा ताजा पराक्रम. पुणे-सोलापूर हायवेवर आमच्या एका पक्षकाराचं हॉटेल उभं राहत होतं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, कुंभारगाव-डिकसळकडे पुण्या-मुंबईच्या गाड्या वळतात, आणि परतताना ती माणसं मासळीचं जेवण विचारतात. त्या हंगामाच्या आत त्याला हॉटेल सुरू करायचं होतं. बँकेचं कर्जप्रकरण जीएसटी नंबरावर थांबलेलं. आम्ही अर्ज भरला. खात्याची आरईजी-०३ नोटीस आली : जागेचा भाडेकरार नीट दिसत नाही, वीजबिलावरचं नाव जुळत नाही, खुलासा द्या. खुलाशाला मुदत कामाचे सात दिवस. त्याच्या पुतण्याने नोटीस त्याच दिवशी, भाडेकरार आणि वीजबिलाच्या स्वच्छ प्रतींसह, आमच्या मेलवर पाठवली. पोराने काही बाकी ठेवलं नव्हतं.

ऑफिसचा कॉम्प्युटर तेव्हा दर दहा मिनिटांनी मेल ओढायचा. तुम्ही तो मेल ओढलात, सर्व्हर साफ केलात. आमच्या क्लार्कने मेल उघडून पाहिला आणि साहेबांनाही बारामतीत आला असेल, ते खुलासा टाकतील, असं धरून चालला. मी बारामतीत लॅपटॉप उघडून बघत होतो की पुतण्याकडून कागद कधी येतात. लॅपटॉपवर कोरा इनबॉक्स. मुदत सरली आणि पोर्टलवर आरईजी-०५ पडली, अर्ज नामंजूर. हॉटेलवाला ऑफिसात येऊन खुर्चीवर बसला आणि एवढंच म्हणाला, ‘‘साहेब, मी तर त्याच दिवशी पाठवलं होतं.’’ त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा. नवा अर्ज भरला, नंबर मिळाला, पण तोवर हंगामातले चांगले शनिवार-रविवार गेले.

हे एकच असतं तर पत्र लिहिलं नसतं. मी लॅपटॉपवरून दिलेली उत्तरं ऑफिसात दिसत नाहीत, कारण पाठवलेल्या पत्रांशी तुमचा काही संबंधच नाही. एका ऊस वाहतूकदाराला मी रिटर्नमधला एक आकडा कळवला आणि क्लार्कने जुन्या कागदांवरून दुसरा. त्याने दोन्ही मेल छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यावर सही एकाच ऑफिसची होती.

तुमची बाजू घेणारे म्हणतात की सेटिंगमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ अशी खूण करायची, की झालं. केली ती खूण. आता दोन्हीकडे पत्रं येतात, पण इथे वाचलेलं तिथे न वाचलेलं, इथे फोल्डरमध्ये लावलेलं तिथे ढिगात. इथे काढून टाकलेली जाहिरात तिथे ताजी होऊन बसते. आउटलुकमध्ये प्रत ठेवायची म्हटली तरी मूळ सेटिंग चौदा दिवसांनी ती पुसायचं असतं. म्हणजे लॅपटॉप दुरुस्तीला जाऊन पंधरा दिवसांनी परत आला की मधला चौदा दिवसांहून जुना मजकूर त्याला कधीच दिसणार नाही. आणि कुठलं पत्र आधी उतरवलंय हे तुम्ही प्रत्येक पत्राच्या खुणेच्या आकड्यावरून ओळखता. मेल नव्या सर्व्हरवर हलवला आणि ते आकडे बदलले, की जुनी सगळी पत्रं नवी म्हणून पुन्हा खाली येतात. गेल्या मार्चमध्ये, रिटर्नच्या ऐन घाईत, आमच्या क्लार्कने ते दुबार मेल दिवसभर निवडले.

तुमच्या जन्माच्या वेळची परिस्थिती मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मी अन्याय करणार नाही. तुमचं घराणं १९८४चं, तुम्ही स्वतः १९८८चे. तेव्हा सर्व्हरवर जागा थोडी, लाइन जोडायची, मेल उतरवायचा आणि लाइन तोडायची, असा काळ. एका माणसाला एक कॉम्प्युटर मिळाला तरी पुष्कळ. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने लोकांना इंटरनेट दिलं तेही फोन फिरवूनच, तेव्हा भराभर मेल उतरवून फोन ठेवणं शहाणपणाचं होतं. १९९६च्या आरएफसी १९३९ या तुमच्या नियमांच्या कागदात सुरुवातीलाच लिहिलंय की मेल उतरवायचा आणि मग पुसायचा हीच नेहमीची रीत, सर्व्हरवर मेलची लावालाव करणं हे तुमचं काम नाही. तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत. दोन कॉम्प्युटर असलेल्या ऑफिसात आजही तुम्हालाच पहिलं नेमणाऱ्यांनी मात्र तो कागद वाचलेला नाही.

आणि तुमच्याही आधी दोन वर्षं दुसरा मार्ग तयार होता. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये आयमॅप आखलं. त्यात पत्र सर्व्हरवरच राहतं. वाचलं, उत्तर दिलं, महत्त्वाचं आहे, या खुणाही सर्व्हरवरच राहतात, फोल्डरही तिथेच. पाठवलेल्या पत्राची प्रत तिथल्या फोल्डरमध्ये जाते. भिगवणात क्लार्कने नोटीस उघडली की बारामतीत ती उघडलेली दिसते, आणि त्याने लाल झेंडा लावला तर तो झेंडा मलाही दिसतो. हॉटेलवाल्याच्या प्रकरणात एवढं पुरलं असतं.

तर महाशय, आम्ही आयमॅप जोडलं आहे. तुमच्या जागी नुसतं नाव बदलून ते होत नाही, हेही आमच्यासारख्या ऑफिसवाल्यांनी ध्यानात ठेवावं : आउटलुकमध्ये तेच खातं नव्याने, आयमॅप म्हणून जोडावं लागतं. त्याआधी उतरवलेले मेल ज्यात साठतात त्या जुन्या पीएसटी फाइलची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवायची, मग जुने मेल फोल्डर-फोल्डर करत नव्या खात्यात ओढायचे, म्हणजे ते सर्व्हरवर चढतात. त्यापूर्वी सर्व्हरवर तेवढी जागा आहे का ते विचारून घ्यायचं. पत्ते आणि कॅलेंडर त्यातून जात नाहीत, ते वेगळे न्यायचे. आणि आयमॅपमध्ये एकीकडे पुसलेलं सगळीकडे पुसलं जातं, म्हणून दर महिन्याला वेगळी प्रत काढायची. क्लार्कने ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून तुमचं खातं सगळे जुने मेल वर चढेपर्यंत काढणार नाही. तोवर ‘प्रत ठेवा’ची खूण आहे, चौदा दिवसांची अट काढली आहे आणि आपोआप मेल ओढणं बंद केलं आहे. कशालाही हात लावू नका. वाहतूकदारांची २०१७पासूनची, जीएसटी लागू झाल्यापासूनची, बिलं त्यातच आहेत आणि ती मला पूर्ण हवी आहेत.

आपला,
भिगवणचा एक कर सल्लागार