कौशल्य हवे, पण शेजारच्या मुलाला

ज्या विषयावर आपल्या देशात कधीच मतभेद झाले नाहीत असा एकच विषय आहे, व्यवसाय शिक्षण. इंग्रज सरकारच्या १८८२ च्या हंटर आयोगानेच सुचवून ठेवले, की हायस्कुलात दोन वाटा असाव्यात. एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी धंद्याव्यापाराकडे. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला हस्तोद्योगातून शिकवणारी नई तालीम मांडली. कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभव मागितला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर तारखाच देऊन टाकल्या : उच्च माध्यमिकची १० टक्के मुले १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायची. १९९२ साली पाहतात तो मुले वळलेली नाहीत. मग तारखा वळवल्या. १० टक्के १९९५ पर्यंत, २५ टक्के २००० पर्यंत. २०२० चे धोरण जास्त अनुभवी निघाले. त्याने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा नुसता परिचय करून द्यायचे ठरवले. परिचय झाला म्हणजे लग्न ठरलेच असे नाही, हे वधूवर मेळाव्यांना जाणाऱ्यांना सांगायला नको.

एवढे एकमत असताना गाडी अडते कुठे? आमच्या सोसायटीत.

रविवारच्या सभेत विषय होता गळकी पाइपलाइन. प्लंबर फोन उचलत नव्हता. सेक्रेटरी कळवळून म्हणाले, "कामाची माणसंच मिळत नाहीत हो हल्ली. सरकारने गावोगाव आयटीआय काढायला हवेत." ठराव नसतानाही त्याला अनुमोदन मिळाले. तेवढ्यात पाटीलकाकूंनी विचारले, "तुमच्या अथर्वचं काय झालं?"

"एकसष्ट टक्के पडले. सायन्सला टाकलंय, क्लास लावलाय."

"पण त्याला हाताने काहीबाही करायचा नाद आहे ना?"

"आहे ना! मिक्सर, इस्त्री, पंखा, घरातलं सगळं तोच दुरुस्त करतो." सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "म्हणून तर क्लास लावलाय."

मुलांचा कल ओळखता येत नाही, अशी तक्रार मात्र कोणी करू नये. राज्याने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या लाखो मुलांची कलचाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा वगैरे सात क्षेत्रे. अहवाल गुणपत्रिकेसोबत हातात. घरोघरी गुणपत्रिकेला लॅमिनेशन झाले आणि अहवालावर पोळ्यांचा डबा टेकला. ज्याचा कल तांत्रिक आला, त्याच्या बापाने तेवढा तो आनंदाने वाचला आणि जेईईचा क्लास लावला. आयआयटी आणि आयटीआय यांत अक्षरे तीच तीन आहेत. आईबापांची उमेदीची वर्षे ती योग्य क्रमाने लावण्यात जातात.

शाळेनेही हयगय केलेली नाही. कार्यानुभवाच्या तासाला पिढ्यान् पिढ्या खडू, मेणबत्त्या, फिनेल आणि कागदी फुले झाली. ती आदल्या रात्री आईने केली आणि श्रेणी मुलाला मिळाली. त्या श्रेणीने आपल्याला मेणबत्ती करता येते असा गैरसमज मात्र एकाही मुलाचा झाला नाही.

शिवाय 'दहावीनंतर काय?' हा मेळावा असतोच. व्यासपीठावर निवृत्त अधिकारी, क्लासचे संचालक आणि स्पर्धा परीक्षेत दोन गुणांनी हुकलेले, म्हणून आता त्याच परीक्षेचे मार्गदर्शन करणारे एक सर. तिघांनीही मळलेली वाट सोडा असे सांगितले आणि आपापल्या वाटेची पत्रके वाटली. मधेच माईक बंद पडला. मंडपामागून एक पोरगा आला, वायर सोलली, दोन टोके पिळून चिकटपट्टी लावली, माईक चालू. हा पोरगा एमसीव्हीसीचा, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रमाच्या इलेक्ट्रिकल शाखेचा. स्वतःची साउंड सिस्टीम, दोन माणसे हाताखाली, गणपतीचे दहा दिवस आतापासून बुक. दहावीनंतर काय, या प्रश्नाचे चालते-बोलते उत्तर व्यासपीठापासून दहा फुटांवर उभे होते. आभारप्रदर्शनात त्याचा उल्लेख 'ध्वनिव्यवस्था' असा झाला.

हा दोष एकट्या पालकांचा नाही. सरकारने तर दरपत्रकच छापले आहे. २०२४ साली आलेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना पाहा. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. दोन वर्षे कानस घासून फिटर झालेला पोरगा ८,००० चा. कशालाही हात न लावता बीए झालेला त्याचा मित्र १०,००० चा. हात काळे न केल्याबद्दल महिना २,००० रुपये बक्षीस, तेही सरकारी तिजोरीतून. कौशल्याची किंमत समाजाला कळत नाही असे मंत्री भाषणात म्हणतात. समाजाला ती शासन निर्णयातूनच कळते.

आयटीआयच्या मुलांना कित्येक वर्षे दरमहा ४० रुपये विद्यावेतन मिळत असे. काटकसर हेही कौशल्यच आहे, असा उदात्त हेतू त्यामागे असावा. २०२३ साली ते ५०० झाले आणि त्या कौशल्याचा बट्ट्याबोळ झाला. २०२४ मध्ये राज्यातल्या १४ आयटीआयची नावे बदलून थोरांची नावे दिली. लेथ मशीन बदलायचे तर निविदा, निधी, वाहतूक, वीजजोडणी. पाटी बदलायला शिडी आणि फीत पुरते. शाळांमधल्या व्यवसाय विषयांना शिक्षक आहेत, पण बहुतेक कंत्राटी, एखाद्या कंपनीमार्फत नेमलेले. स्वतःच्या पायावर उभे कसे राहावे हे शिकवणारा माणूस पुढच्या जूनमध्ये कुठे उभा असेल हे त्यालाच ठाऊक नसते.

२०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत. सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन काम शिकायचे. कल्पना चांगलीच आहे, थट्टा करवत नाही. पण ज्या सुताराकडे ही मुले फोटो काढायला जाणार, तो आपल्या पोराला रोज सांगतो, "शीक, नाहीतर रंधाच मारत बसशील." त्याला हसू नये. त्याच्या घराण्याने दप्तराविना दहा दिवस नाही, दहा पिढ्या काढल्या आहेत. मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी १९५३ मध्ये योजना आणली, की मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. लोक खवळले, पुढच्याच वर्षी राजाजींना पद सोडावे लागले, योजनाही गेली. चांभाराच्या पोराने चप्पल शिवायची आणि वकिलाच्या पोराने अशील कापायचा, हे कौशल्य शिक्षण लोकांनी बरोबर ओळखले होते. सुतार रंध्याला घाबरतो त्याला इतिहास आहे. सेक्रेटरी घाबरतात त्याला फक्त शेजारी आहेत.

वेगळे काही घडलेच नाही असेही नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेली मुले तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती करत करत शिकू लागली, आणि हे काम पुढे कितीतरी साध्या शाळांतही गेले. आपण सुशिक्षितांनी त्याची योग्य ती दखल घेतली. सहली काढल्या, वहीत 'स्तुत्य उपक्रम' असा अभिप्राय लिहिला आणि क्लासची वेळ गाठायला लवकर निघालो.

तरीही मला आशा वाटते, आणि ती जर्मनीमुळे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यांना इलेक्ट्रिशियन हवेत, प्लंबर हवेत, परिचारिका हव्यात. बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पडली आणि रात्री साडेदहाला सेक्रेटरी दार वाजवत आले.

"तिकडे प्लंबरला किती मिळतात हो?"

"युरोत मिळतात."

"ते झालं. पण पोरगा स्टुटगार्टला असतो म्हटल्यावर काय काम करतो ते इथे कोण विचारतंय?" त्यांनी खिशातून कागद काढला. अथर्वच्या मामांनी बायोडेटाचा मसुदाही करून पाठवला होता : 'मुलगा जर्मनीत, जलव्यवस्थापन क्षेत्रात.'

"आधी आयटीआय करावं लागेल," मी म्हणालो.

"ते जर्मनीत करता येत नाही का?"